शेवटच्या अंतऱ्यातले नाव

आज 15 ऑगस्ट. सकाळी झेंडावंदन होईल, शाळेतली मुले खाऊचा पुडा मुठीत धरून घरी येतील. संध्याकाळी महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्यांत, बुद्धविहारांच्या पटांगणात आणि समाजमंदिरांच्या ओट्यांवर आणखी एक कार्यक्रम सुरू होईल. खुर्चीवर एक तसबीर, तिला हार, समोर सतरंजी, तिच्यावर हार्मोनियम आणि ढोलकी. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर या कार्यक्रमाला जागा मिळणार नाही. तसबिरीतल्या माणसाचे नाव वामन तबाजी कर्डक. नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी 15 ऑगस्ट 1922 रोजी त्यांचा जन्म झाला. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांना पंचविसावे वर्ष पूर्ण झाले होते. आणि लिहिता-वाचता येऊ लागून तेव्हा जेमतेम काही वर्षे झाली होती.

वामनदादांविषयी लिहायचे तर सुरुवात गाण्यापासून करावी असे कुणालाही वाटेल. आम्हाला मात्र सुरुवात एका पत्रापासून करावीशी वाटते. वडील गेल्यावर आईबरोबर मुंबईला आलेला, चाळीत राहणारा, समता सैनिक दलात रमलेला विशीच्या आतबाहेरचा हा तरुण. एकदा कुणीतरी त्याच्या हाती पत्र दिले आणि वाचून दाखव म्हणाले. मागणाऱ्याला शंकाही आली नाही की या मुलाला अक्षरओळख नसेल. पत्र हातात राहिले आणि डोळ्यांतून पाणी आले. शाळेत नाव घालायच्या वयात वामनने गावी गुरे राखली होती. पाटी-पेन्सिलीशी त्याचा संबंध आला नव्हता. त्या दिवसाची लाज त्याने मनात घर करू दिली नाही. देहलवी नावाच्या मास्तरांनी बाराखडी शिकवली. जोडाक्षरांसाठी मग मुंबईच उपयोगी पडली. दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत त्याने जोडाक्षरे गिरवली.

हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. दिवसभर मिळेल ते काम करायचे. कधी गिरणी, कधी कोळशाची वखार, कधी फिरून चिक्कीसारखा माल विकायचा. आणि जाता-येता मान वर करून किराण्याच्या, शिंप्याच्या, औषधांच्या दुकानांच्या पाट्यांवर अक्षरे जुळवायची. पुढे हजारो गाणी लिहिणाऱ्या कवीचे पहिले पुस्तक म्हणजे मुंबईचा रस्ता. आमच्या मते त्यांच्या भाषेचा सगळा स्वभाव इथेच ठरला. पाटीवरचा शब्द चालत्या माणसाला एका नजरेत कळावा लागतो. वामनदादांच्या गाण्यातली ओळही तशीच आहे. ती ऐकताक्षणी कळते आणि मग घरी सोबत येते. सोपे लिहिणे त्यांना कुणाकडून शिकावे लागले नाही, कारण अवघड शब्दापुढे हतबल होणे काय असते हे त्यांनी स्वतः भोगले होते.

1943 साली मुंबईत नायगावला त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पहिल्यांदा पाहिले. त्याच वर्षी पहिले गाणे लिहिले. ते विडंबन होते, एका लोकप्रिय सिनेगीताच्या चालीवर बेतलेले. चाळीतल्या सोबत्यांना ऐकवले, ते हसले, वाहवा मिळाली, आणि शब्द जुळवण्याची ताकद आपल्यात आहे हे त्या तरुणाच्या ध्यानात आले. सिनेमात काम मिळावे ही हौसही त्याला होती. पुढे मराठी चित्रपटांसाठी त्यांनी गाणीही लिहिली, लावण्या लिहिल्या. ती वाट धरली असती तर पैसा मिळाला असता. पण बाबासाहेबांना पाहिल्यानंतर जे गाणे त्यांच्या तोंडी आले ते साठ वर्षे थांबले नाही.

सिनेमाच्या चालीवर गाणे बांधण्याविषयी आपल्याकडे एक तुच्छता आहे. उसनी चाल म्हणजे कमी प्रतीची कला, असे समजले जाते. ज्यांना हे समजावून घ्यायचे असेल त्यांनी श्रोत्यांचा विचार करावा. समोर बसलेल्या हजार माणसांपैकी बहुसंख्यांना वाचता येत नाही. गाणे छापून वाटले तरी उपयोग नाही. ते एकाच रात्रीत पाठ व्हायला हवे, आणि सकाळी खडी फोडताना, कापूस वेचताना, गिरणीच्या पाळीला निघताना ओठांवर यायला हवे. चाल आधीच कानात असेल तर शब्दांना बसायला घर तयार असते. लोकगीतांच्या, भजनांच्या, लावणीच्या चालीही त्यांनी याच कारणाने वापरल्या. धृपद कोरसने दोनदा घ्यायचे, प्रत्येक अंतऱ्यानंतर पुन्हा त्यावर यायचे, यमक कानाला अपेक्षित जागी पडायचे. पाच अंतऱ्यांचे गाणे संपेपर्यंत धृपद दहा-बारा वेळा कानावरून गेलेले असते. माणूस उठून घरी जातो तेव्हा ते त्याचे झालेले असते.

ही रीत वामनदादांनी शून्यातून काढलेली नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा विचार भरला होता. आंबेडकरी जलशांनी ती वाट पुढे नेली. नाशिक भागात भीमराव कर्डकांच्या जलशाने मोठे काम केले. आडनाव एक, जिल्हाही एक, त्यामुळे नव्या पिढीत या दोघांची गल्लत होते. ती होऊ नये. आपल्या दहा सभांची बरोबरी एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. नाशिकची जमीनही साधी नव्हती. 1930 च्या मार्चमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा देशवंडीचा वामन सात वर्षांचा होता. दादासाहेब गायकवाडांसारखा नेता याच मातीत घडला. पाणवठा, देऊळ, शाळा, चावडी यांच्यापासून दूर ठेवलेला समाज आपले म्हणणे गाण्यातून सांगायला शिकत होता, अशा काळात हा मुलगा मोठा झाला.

ज्यांनी 14 एप्रिलची रात्र वस्तीत काढली आहे त्यांना गायन पार्टीचा कार्यक्रम वर्णन करून सांगायला नको. जेवणे उरकून लोक येऊ लागतात. बायका मांडीवर झोपलेली पोरे घेऊन पुढे बसतात. बुद्धवंदना होते. हार्मोनियमचा सूर धरला जातो, ढोलकीवाला शाई तपासतो, बुलबुलवर चालीचा पहिला तुकडा वाजतो. गायक एका हाताने कान झाकून आलाप घेतो. दोन पार्ट्यांचा सामना असेल तर रात्र पहाटेपर्यंत जाते. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचे. मध्येच दहा-वीसची नोट पुढे येते, देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, आणि त्या नावाच्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडतो. दोन गाण्यांच्या मध्ये गायक बोलतो. महाड, काळाराम, पुणे करार, हिंदू कोड बिल, धर्मांतर. इतिहासाचे हे तास आहेत. ज्या घरांत एकही पुस्तक नव्हते, त्या घरांत चवदार तळ्याची हकिकत तारखेसह ठाऊक असायची, ती याच वाटेने आली. पत्र वाचता न आल्याने रडलेल्या माणसाने, न वाचणाऱ्यांसाठी इतिहास कानांतून पोहोचवला.

वामनदादा या रात्रींसाठी गावोगाव फिरले. नाशिक, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, मुंबई. एसटीने, रेल्वेने, खांद्यावर पिशवी अडकवून. उतरायचे ते कार्यकर्त्याच्या घरी. तिथे जे शिजले असेल ते खायचे. मागेल त्या गायकाला गाणे लिहून द्यायचे. त्यांचे स्वतःचे घर मात्र फार दुःखाचे होते. पहिला संसार मोडला. मुलगी लहानपणीच गेली. पुढे शांताबाईंनी साथ दिली आणि पैशाच्या बाजूने कायम ओढग्रस्तीचा असलेला तो संसार सांभाळला. या दुःखाचे भांडवल त्यांनी केले नाही. लेकीवरच्या, आईवरच्या ओळींत ते कुठेतरी झिरपलेले दिसते, इतकेच.

त्यांच्या गाण्यांकडे केवळ बाबासाहेबांची स्तुतिगीते म्हणून पाहणारे ती नीट ऐकत नाहीत. स्तुती आहे, भरभरून आहे, आणि तिच्यात संकोच नाही. शतकानुशतके वाकलेला कणा ज्याने सरळ केला त्याचे नाव घेताना शब्द मोजायचे कशाला? पण याच कवीने आपल्या माणसांना जितके सुनावले तितके कुणी बाहेरच्याने सुनावले नसेल. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 च्या ऑक्टोबरमध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात दुरुस्त-नादुरुस्त असे गट पडले. गटांतून गट निघत राहिले. निळ्या झेंड्याखाली एका गल्लीत तीन कमानी उभ्या राहू लागल्या. ते पाहून वामनदादांनी जे गाणे लिहिले ते आजही प्रत्येक जयंतीला म्हटले जाते: बाबासाहेबांच्या मताशी खरोखर इमान राखणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे जरी असती, तरी चित्र किती निराळे असते, अशी त्याची तळमळ आहे. मंचावर पुढारी बसलेले असतात, खाली समाज बसलेला असतो, आणि ते गाणे मंचावरच्यांना उद्देशून गायले जाते. पुढारी टाळ्या वाजवतात. लोकांना कळते की ते कुणाविषयी आहे. असे गाणे लिहायला आपल्या माणसांवर खूप माया लागते आणि तितकेच धाडसही.

दुसरे एक गाणे देशातल्या मोठ्या उद्योगपतींची नावे घेऊन विचारते की या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे. 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, ही साधी मागणी होती. जातीबरोबर पोटाचा प्रश्न उचलणारे वामनदादांचे गाणे या वातावरणातले आहे. पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटला. 1978 च्या जुलैत विधिमंडळाने ठराव केला आणि मराठवाड्यात घरे जळाली. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार होईपर्यंत मोर्च्यांत, तुरुंगांत, उपोषणाच्या मंडपांत गाणीच माणसांना धरून राहिली. सोळा वर्षांचा लढा पत्रकांवर चालत नाही.

आता मराठी साहित्याच्या दारापाशी येऊ. 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना त्याला होती. मराठी समीक्षा हादरली, आणि ते योग्यच झाले. त्या कवितेने मराठीची हद्द वाढवली. पुढच्याच वर्षी, 1973 मध्ये, वामनदादांचा ‘वाटचाल’ हा गीतसंग्रह आला. नंतर ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनाचे’ आले. तीस वर्षांच्या गाण्यांनी लाखो माणसे घडवून झाल्यानंतरचे हे संग्रह. त्यांच्याकडे कवितेची समीक्षा फारशी वळली नाही. प्रचारकी, पद्य, चालीवरचे, असे शब्द वापरून विषय मिटवला गेला. ढसाळांच्या आणि वामनदादांच्या कवितेत स्पर्धा लावायचे आम्हाला कारण नाही. ज्या वस्तीतून ‘गोलपिठा’ आला तिच्या कानांवर या गायकांचे सूर आधी पडलेले होते. आमची तक्रार मोजमापाची आहे. छापलेल्या पानावर एकट्याने वाचायची ती कविता आणि हजार जणांनी मिळून म्हणायचे ते गाणे, ही विभागणी मराठीला शोभत नाही. ज्या भाषेचा थोर कवी देहूच्या देवळात उभा राहून, टाळकऱ्यांच्या साथीने आपले अभंग म्हणत होता, त्या भाषेने तरी हा भेद करू नये.

आणि इथेच तो शेवटचा अंतरा येतो, ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला.

मराठीत कवीने रचनेच्या शेवटी आपले नाव गुंफायची रीत फार जुनी आहे. नामा म्हणे, जनी म्हणे, चोखा म्हणे, तुका म्हणे. शाहिरांनी लावणी-पोवाड्यांत आपली छाप घातली. महात्मा फुल्यांनी अखंड लिहिले तेव्हा जोती म्हणे अशीच मुद्रा ठेवली. वामनदादांनी ती परंपरा उचलली. त्यांच्या असंख्य गाण्यांच्या शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ येतो. कधी तो साक्ष देतो, कधी स्वतःलाच बजावतो, कधी समोरच्यांतला एक होऊन बसतो. ज्या माणसाकडे प्रकाशक नव्हता, वकील नव्हता, गाण्याच्या हक्काचा कागद नव्हता, त्याने आपली मालकी गाण्याच्या आतच विणून ठेवली. आणि मालकी हा शब्दही अपुरा आहे. ज्यांच्या बापजाद्यांची नावे गावाने कधी नीट घेतली नाहीत, तोडून-मोडून, हाक मारायच्या तुसडेपणाने घेतली, त्या समाजातला एक माणूस गाण्याच्या शेवटी आपले पूर्ण, सरळ नाव घेतो आणि हजार तोंडांनी ते पुन्हा उच्चारले जाते. चोखोबांना हे कळले असते.

लोककलेत नाव गळून जाणे हा जणू नियमच आहे. ओव्या कुणी रचल्या हे आपल्याला माहीत नाही. पण नावे गळण्याचा हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्यांच्याकडे छापखाना होता त्यांची नावे टिकली. ऐंशीच्या दशकात कॅसेट आल्या आणि भीमगीते घराघरांत पोहोचली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांचे आवाज रिक्षांतून, चहाच्या टपऱ्यांवरून घुमू लागले. या गायकांचे ऋण मोठे आहे. गाणे मात्र गायकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि लिहिणारा मागे सरला. तरीही कॅसेटवर पूर्ण गाणे असायचे. शेवटचा अंतरा वाजायचा. ऐकणाऱ्याला नाव कळायचे.

आज काय होते? जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर धृपद वाजते, फिरून तेच वाजते, ठोका चढत जातो आणि दुसरे गाणे सुरू होते. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. त्यात धृपद आणि फार तर पहिला अंतरा. नाचणारी मुले मनापासून नाचतात, त्यांच्या आनंदाविषयी आमचे काहीही म्हणणे नाही. त्यांच्या आज्या-आजोबांना त्या रस्त्यावरून असे नाचत जाण्याची मुभा नव्हती. फक्त इतकेच, की या साऱ्यात शेवटचा अंतरा कुणाच्याच कानावर पडत नाही. वामनदादांनी ज्या जागी आपले नाव ठेवले, नेमकी तीच जागा नव्या यंत्राने कापली.

हे दुरुस्त करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही. त्यांच्याबरोबर गायलेले, त्यांच्याकडून गाणी लिहून घेतलेले गायक आज वयाच्या शेवटच्या टप्प्यावर आहेत. त्यांच्याकडे वह्या आहेत. पत्र्याच्या पेटीत, कपाटावर, माळ्यावर. एकेका वहीत छापून न आलेली गाणी असतात, आणि छापून आलेल्यांचे निराळे पाठही. अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या बळावर बरेच गोळा केले आहे. राज्य शासनाने 1979 पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले. आंबेडकरी गीतांसाठी तशा इतमामाचे काम हाती घ्यायला हवे: सर्व पाठ, मूळ चालीची नोंद, कोणत्या प्रसंगी लिहिले त्याची हकिकत, आणि जुन्या गायकांच्या आवाजातले ध्वनिमुद्रण. नुसते शब्द छापून हे गाणे अर्धेच हाती लागेल. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना त्या वह्यांपर्यंत पाठवावे. मिरवणुकीच्या मंडळांनी वर्षातून एक रात्र डीजे बंद ठेवून गायन पार्टी बसवावी. आणि गाणाऱ्यांनी, ते पडद्यावर गात असोत की पटांगणात, कवीचे नाव आधी सांगावे.

15 मे 2004 रोजी नाशिकला वामनदादा गेले. लोक त्यांना महाकवी म्हणतात. ही पदवी कोणत्याही अकादमीने दिलेली नाही. ती सतरंजीवरून आली, आणि म्हणून तिच्यावर कुणी हरकत घेण्याचे धाडस केलेले नाही.

आज संध्याकाळी पटांगणातला तो कार्यक्रम रंगात येईल. रात्र चढल्यावर एखादा वयस्क गायक त्यांचे गाणे घेईल. आवाज पहिल्यासारखा राहिलेला नसेल. वरच्या पट्टीत तो थोडा फाटेल, कोरसमधली नातवंडाएवढी मुले त्याला सावरून घेतील. एक अंतरा, धृपद. दुसरा अंतरा, धृपद. मग तो पेटीवाल्याकडे पाहील, ढोलकी हळू करायला सांगेल, एक हात कानावर नेईल आणि दुसरा तसबिरीकडे करील. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना काय येणार आहे ते ठाऊक असते. त्या पदर सावरून सरळ बसतात, आणि त्याच्या आधीच ते नाव उच्चारतात.